पहिल्या गोळीची ताटली

एसी बंद केल्यावर घरात जी शांतता पसरते, तिलाच आम्ही मस्कतवाले हिवाळा म्हणतो. दोन आठवड्यांपूर्वी एका सकाळी ती आली. वादी कबीरच्या आमच्या फ्लॅटची खिडकी कित्येक महिन्यांनी उघडली गेली आणि खालच्या स्कूलबसचा हॉर्न, समोरच्या गॅरेजमधली ठोकाठोक, वरच्या मजल्यावरच्या फोडणीचा वास असं सगळं एकदम घरात शिरलं. खाली जाऊन गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसला नाही. मान वर केली तर डोंगर जवळ आले होते.

हे डोंगरांचं जवळ येणं इथे राहिल्याशिवाय कळत नाही. उन्हाळाभर धूळ आणि दमट हवा त्यांना मागे ढकलून ठेवते. ते फिकट, धुरकट, असून नसल्यासारखे असतात. मग ऑक्टोबर सरता सरता हवा धुऊन काढल्यासारखी होते आणि तेच डोंगर पुढे सरकून उभे राहतात. त्यांच्या घळी दिसतात, कपारी दिसतात, कड्याला चिकटलेलं एखादं काटेरी झाडसुद्धा दिसतं. वाटतं, सहज चालत जाऊ. चालायला लागलं की अर्धा दिवस गेला तरी डोंगर तिथेच. स्वच्छ हवेत लांबचं जवळ दिसतं, आणि नेमक्या याच दिवसांत इथल्या शिकाऱ्यांच्या रायफली कपाटातून बाहेर पडतात. डोळे फसायचा आणि बंदुका निघायचा मोसम एकच.

या मोसमात माझं डोकं फिरतं. घरच्यांना हे माहीत आहे.

मी मस्कतच्या गाला भागातल्या एका वर्कशॉपमध्ये जमीन मोजायच्या दुर्बिणी दुरुस्त करते. रस्ते आणि इमारती बांधणाऱ्या कंपन्यांची उपकरणं आमच्याकडे येतात, आणि हिवाळा लागला की त्यांच्या शेजारी रायफलीवरच्या दुर्बिणी येऊन बसतात. कुणाचं भिंग धुकट झालेलं, कुणाचा स्क्रू हललेला. दुर्बीण परत नेताना प्रत्येक गिऱ्हाईक हमखास विचारतो, "मॅडम, आता किती लांबपर्यंत मारता येईल?" मी सांगते, "दुर्बीण कितीही लांब बघेल. तुम्ही किती लांब मारू शकता ते तुम्ही मला सांगा." काही हसतात, काहींना राग येतो.

महिन्यातून एखाद्या शुक्रवारी मी स्वतः मस्कतबाहेरच्या एका नेमबाजीच्या रेंजवर चटईवर पालथी पडते. रायफल रेंजची, गोळ्या रेंजच्या, डोक्याशी रेंजचा अधिकारी उभा. परदेशी माणसाची स्वतःची रायफल इथे नसते, आणि मला नकोही आहे. मी आजवर एकही जीव मारलेला नाही. तरीही शिकाऱ्याने कुठवर मारावं आणि कुठे थांबावं, यावर मी कुणाशीही भांडते. यंदा हे भांडण माझ्या घरातच आलं आहे.

झालं असं की उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात असल्याचं सांगितलं. नेम धरायचा डोळा तोच. ऑपरेशनची घाई नाही, म्हणाले. घरी येताना गाडीतच श्रीकांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विषय मिटवून टाकला.

"चला, आता ते रेंजचं प्रकरण आपोआप संपलं."

"आपोआप काही संपत नसतं."

"अगं, डोळा गेला तर?"

"गेलेला नाही. थोडा धुरकट झालाय. मस्कत अर्धं वर्ष धुरकट असतं, म्हणून आपण गाव सोडलं का?"

मागच्या सीटवरून सई बोलली. ती बारावीत आहे. तिचं मराठी इंग्रजीचा हात धरून चालतं. "आई, तू just stop ना. म्हणजे, तू hunter पण नाहीयेस. कुणाला prove करायचंय?"

मला त्या प्रश्नाचा राग आला, कारण तो चुकीचा नव्हता. मी दोघांनाही सांगितलं, "हिवाळा येऊ दे. दर वर्षीसारखी ताटल्यांची परीक्षा देते. दोनशे मीटरची ताटली चुकली, तर मी स्वतः रेंजचं कार्ड परत करीन. तुम्ही मला सांगायचं नाही." आमच्या रेंजवर शिकाऱ्यांची रांग दोनशे मीटरपासून सुरू होते. त्याच्या आत शिकाऊ लोक. मी त्या रांगेत नसले, तर वर्कशॉपमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकांना 'तुमची हद्द सांगा' असं कोणत्या तोंडाने विचारू?

या ताटल्यांची परीक्षा काय, ते सांगायचं तर अबू खालिद यांच्या त्या हिवाळ्याकडे जायला हवं.

अबू खालिद आमचे मालक. वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना अर्बाब म्हणतात, आणि ते मला उम्म सई, म्हणजे सईची आई. मूळचे सहम गावचे. समुद्राकाठी खजुरांची बाग, आणि घराण्यात सगळे नेमबाज. त्यांच्याकडे हिवाळ्यात गावोगावी नेमबाजीचे मेळे भरतात. म्हातारे, तरुण, सगळे वाळूत मांडी घालून बसतात, कोपर गुडघ्याला टेकवतात, आणि दुर्बीण नसलेल्या जुन्या रायफलीने लांबचं इवलंसं निशाण उडवतात. मध्येच कहवा फिरतो, खजूर फिरतात, हरल्या माणसाची यथेच्छ टिंगल होते. मी एकदा सहकुटुंब पाहुणी म्हणून गेले होते. तिथे बायका दूर बसल्या होत्या आणि मी पुढे पुढे सरकत पुरुषांच्या रांगेमागे जाऊन उभी राहिले होते. कुणी अडवलं नाही. अबू खालिद यांनी फक्त एक चटई टाकायला सांगितली.

तर त्या हिवाळ्यात त्यांना परदेशातल्या कुठल्याशा बर्फाळ डोंगरात आयबेक्सच्या, म्हणजे मोठ्या वळलेल्या शिंगांच्या रानबोकडाच्या शिकारीचं बोलावणं आलं. रीतसर परवाना, तिथला वाटाड्या, सगळं. इकडे ओमानात अशा जनावरांना हात लावायची बंदी आहे आणि ती योग्यच आहे, असं ते स्वतःच सांगत. पण तिकडे जायचं म्हणून त्यांनी नवीन रायफल घेतली, मनगटाएवढी जाड दुर्बीण घेतली, आणि वारा, उंची, तापमान घातलं की किती वर धरायचं ते सांगणारं अ‍ॅप फोनवर घेतलं. चार शुक्रवार रेंजवर बसले आणि एका सोमवारी निशाणाचा कागद माझ्या टेबलावर आपटला.

"उम्म सई, देखो. सिक्स हंड्रेड मीटर. सब एक हात के अंदर."

खरंच होतं. सगळी भोकं तळहाताने झाकली जातील इतकी जवळ. मी मनापासून कौतुक केलं. मग विचारलं, "टेबलावरून?"

"हां, टेबल."

"रायफलीखाली वाळूच्या पिशव्या?"

"अकीद, पक्का. पिशवी तो चाहिए."

"मग डोंगरात टेबल कोण उचलून आणणार?"

"गाइड," ते म्हणाले, आणि स्वतःच हसले. पण माझं पुढचं वाक्य ऐकल्यावर हसू गेलं. मी म्हटलं होतं, "अर्बाब, सहाशे तुमचं नाही. ते टेबलाचं आहे. तुमचं अंतर याच्या अर्धंसुद्धा नसेल."

माझा व्हिसा त्यांच्या नावावर. हे वाक्य तोंडातून निघाल्यावर मला ते आठवलं, आधी नाही. ते कागद घेऊन गेले आणि पुढे कित्येक दिवस मला कामापुरतं 'येस', 'नो' सोडून शब्द मिळाला नाही. श्रीकांत म्हणाला, "तुला काय पडलंय? मारू दे ना किती लांब मारायचंय ते. बोकड काय आपल्या नात्यातला आहे?"

मला पडलं होतं. का, ते सांगते.

आमचं गाव कुडाळच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. रताळ्यात आणि भातात रानडुकरं शिरायची. आप्पांकडे, माझ्या वडिलांकडे, शेतीच्या संरक्षणासाठी परवान्याची एकनळी बंदूक होती. मला त्यांनी छऱ्याच्या बंदुकीवर नेम शिकवला. श्वास अर्धा सोडायचा, चाप दाबायचा नाही, पिळायचा. एकदा संध्याकाळी शेताच्या पार टोकाला डुक्कर उभं होतं. आडवं, स्वच्छ दिसत होतं. मी कुजबुजले, "मारा ना, आप्पा." त्यांनी बंदूक खांद्याला लावली, पाहिलं, आणि खाली घेतली. डुक्कर सावकाश रताळी उकरत राहिलं. मला रडू यायचं बाकी होतं.

"लागली तर बरा," आप्पा म्हणाले. "अर्धी लागली तर जाळीत कोण शिरतलो? तू?"

जाळी म्हणजे करवंदीची. तिच्यात जखमी डुक्कर घुसलं की मागे जाणाऱ्या माणसाची खैर नसते, आणि मागे न गेलं तर ते जनावर आत रात्रभर तडफडतं. आप्पांचा हिशेब सरळ होता. ज्याच्या मागे जाऊन शोधायची तयारी नाही, त्याला मारायचं नाही. त्या वर्षी आमची निम्मी रताळी गेली. गावात लोक हसले. आप्पा हसणाऱ्यांना म्हणायचे, "हसा बापडे." त्यांचा हा हट्टीपणा माझ्यात उतरला आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

म्हणूनच ते लांबून मारल्याचे व्हिडिओ पाहिले की माझा संताप होतो. हजार मीटर, बाराशे मीटर! दिसतं ते फक्त लागलेलं. चुकलेल्या गोळ्या कुणी दाखवत नाही, आणि अर्धवट लागून खिंडीपलीकडे लंगडत गेलेलं जनावर तर मुळीच नाही. गोळी काही डोळ्याच्या वेगाने जात नाही. तेवढ्या अंतरावर ती पोचेस्तोवर चरणारा बोकड आरामात एक पाऊल टाकतो, आणि छातीसाठी सोडलेली गोळी पोटात बसते. इकडे तुमच्या गालाला वारा डावीकडून लागतो, मधल्या घळीत तो वर चढत असतो, पलीकडच्या कड्यावर उलटा फिरलेला असतो. अ‍ॅपला यातला फक्त तुमच्या गालाचा वारा माहीत. आणि आमच्या मस्कतकरांची तर एक ठरलेली चूक आहे. इथल्या दमट उकाड्यात, समुद्रसपाटीला जुळवलेली रायफल तशीच पेटीत घालायची, विमानात चढवायची, आणि विरळ, गोठलेल्या हवेच्या डोंगरात ती इथल्यासारखीच चालेल असं धरून बसायचं. ती तशी चालत नाही. तिथे पोचल्यावर पुन्हा कागदावर मारून जुळवावी लागते. पण दमून पोचलेल्या माणसाला कागद कसला, समोर शिंगं दिसत असतात.

हे सगळं मी एका शुक्रवारी सकाळी अबू खालिद यांना रेंजच्या गेटवर ऐकवलं. माझ्या हातात ताटल्यांची थप्पी होती.

ताटल्या गणपतीतल्या. आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत महाप्रसादाला मागवलेल्या कागदी ताटल्या दर वर्षी उरतात. मी त्या मागायला गेले तेव्हा लेले काकूंनी कपाळाला हात लावला होता. "अगं, प्रसादाच्या ताटल्यांवर गोळ्या घालणार?" मी म्हटलं, "कोऱ्या आहेत, काकू. प्रसाद पोटात गेलाय." त्या ताटलीचं एक बरं आहे. जनावराच्या छातीत जिथे गोळी लागली तर ते जागीच कोसळतं, ती जागा जवळजवळ तेवढीच असते.

"एका अंतरावर एकच ताटली, एकच गोळी," मी अबू खालिद यांना सांगितलं. "नळी प्रत्येक वेळी थंड होऊ देऊन मारलेली. टेबल नाही, पिशव्या नाहीत. आधी तो समोरचा चढ धावत चढून यायचं, मग जे मिळेल त्यावर टेकून मारायचं. काठाला चाटून गेली तरी चुकलीच. जिथली ताटली लागेल तिथवर तुमचं. त्यापुढे नाही."

"प्लेट बहुत छोटा है."

"छाती तेवढीच असते, अर्बाब."

अबू खालिद यांनी डोक्यावरचा मस्सार, म्हणजे फेटा, घट्ट गुंडाळला आणि ते खरंच धावले. रिकाम्या रायफलीनिशी, पोटासकट, दगडांतून. वर पोचले तेव्हा भात्यासारखे फुलले होते. सॅकवर रायफल टेकवून चारशेच्या ताटलीवर गोळी झाडली. कुठे गेली देवाला ठाऊक. तीनशेचीही गेली. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी सॅक लाथेने बाजूला सारली, वाळूत मांडी घातली, दोन्ही कोपरं गुडघ्यांना टेकवली. त्यांच्या गावच्या मेळ्यात बसतात तसे. श्वास बसू दिला. अडीचशेची ताटली मधोमध फाटली.

"ये मेरा," ते म्हणाले. आवाजात राग होता आणि जरासा अभिमानही.

ते शिकारीला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. दरीपलीकडे मोठा बोकड उभा होता म्हणे, चारशेच्याही पुढे. वाटाड्या मागून ढोसत होता, मारा, मारा. "मैं बोला, नो. माय प्लेट टू-फिफ्टी. वो समझा, मेरेको भूक लगा." दोन दिवस आणखी चढले, जवळ जाता आलं नाही, मग बर्फ सुरू झालं. इकडे भाऊबंदांनी वर्षभर टिंगल केली. अबू खालिद यांनी मला कधी धन्यवाद दिले नाहीत. उलट प्रत्येक हिवाळ्यात एकदा तरी गिऱ्हाइकांसमोर म्हणतात, "ये मॅडम ने मेरा बोकड खाया." पण दर वर्षी गणपती झाला की ताटल्या उरल्या का, हे तेच आधी विचारतात.

गेल्या शुक्रवारी माझी पाळी होती. सई बरोबर आली. मला थांबवायलाच आली होती, पण उत्सुकताही होती. श्रीकांत घरी राहिला. "हरून आलीस तर शिरा करतो, जिंकून आलीस तरी शिरा करतो," म्हणाला. हवा इतकी स्वच्छ होती की रेंजमागचा डोंगर रांगेत आमच्याशेजारी येऊन उभा राहिल्यासारखा वाटत होता.

पलीकडच्या चटईवर तिघे तरुण इंजिनीअर होते, मुंबईचे असावेत. लांबच्या अंतराच्या गप्पा चालल्या होत्या. मी चढ चढून आले. मी धावत नाही आता, भरभर चालते. रायफलीमागे पडले. गेल्या वर्षी माझी हद्द तीनशे होती, म्हणून तिथूनच सुरुवात. दुर्बिणीतून पाहिलं तर ताटलीच्या कडा पसरलेल्या. दुधात पडलेल्या बिस्किटासारखी ती ताटली मऊ झाली होती. श्वास अर्धा सोडला, चाप पिळला.

अबू खालिद मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. "नो."

मी दुसऱ्या गोळीसाठी हात पुढे केला. मला नक्की कळलं होतं काय चुकलं ते. वाऱ्याला थोडं अधिक द्यायला हवं होतं.

"नो, नो, उम्म सई. फर्स्ट गोली ओन्ली. तुम्हारा कानून." हे बोलताना ते इतके खूश होते की बोकडाचा सगळा हिशेब त्यात वसूल झाला असावा.

अडीचशेची गोळी ताटलीच्या नुसती काठाला चाटून गेली. रेंजच्या अधिकाऱ्याला ती लागल्यात धरायची होती. भला माणूस आहे. मी आणि अबू खालिद एकदमच म्हणालो, "नाही."

मग दोनशे. माझ्यासाठी लावलेल्यांतली एकच ताटली उरली होती. पालथी पडले तर छाती धडधडत होती. चटईला टेकलेलं माझं हृदयच दुर्बिणीतली ताटली वरखाली करत होतं. मला त्या क्षणी फार भीती वाटली. कार्ड परत करावं लागेल याची नाही. उद्यापासून कुणीही माझ्या समोर दुर्बीण ठेवून म्हणेल, "आठशे मीटर, मॅडम," आणि मला मान खाली घालून स्क्रू घट्ट करून द्यावा लागेल, याची. मी उठले. उठून वाळूत मांडी घातली, कोपरं गुडघ्यांना टेकवली. सहमच्या मेळ्यात पाहिलं होतं तसं. गुडघे कुरकुरले. छाती चटईपासून सुटली, आणि ताटली हळूहळू थांबली.

गोळी सुटल्यावर अबू खालिद बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून बसले. मुद्दाम. मग सावकाश म्हणाले, "मितेन, उम्म सई. खलास."

मितेन म्हणजे दोनशे. सईने मला मागून मिठी मारली आणि पुटपुटली, "आई, पण म्हणजे कमी झालं ना? तीनशेवरून?"

"झालं."

"And you're okay?"

"कमी झालं ते झालं. पण जे आहे ते माझं आहे."

शेजारच्या चटईवरून एक जण हसत म्हणाला, "आंटी, टू हंड्रेड तो बच्चा भी मार लेगा."

"धावून ये त्या चढावरून," मी म्हटलं, "आणि पहिल्या गोळीत मार. ताटली मी देते." माझ्याजवळ थप्पी उरली होती. मी एक कोरी ताटली त्याच्या चटईवर ठेवली.

गोळीबार चालू असल्याचा लाल झेंडा उतरला, सगळ्या रायफली रिकाम्या झाल्या. रेंजचा पोऱ्या गाडी घेऊन निशाणं आणायला निघाला होता. मी त्याला थांबवलं आणि चालत निघाले. आप्पा असते तर त्यांनीही चालायलाच लावलं असतं. पायाखाली खडे होते, उन्हात आता जाच नव्हता. ताटलीत भोक मधोमध नव्हतं, थोडं उजवीकडे होतं, पण पुरेसं आत होतं. मी ती खांबावरून काढली. मागे डोंगर हाताशी आल्यासारखा दिसत होता. त्याच्या कपारी दिसत होत्या, एक काटेरी झाड दिसत होतं.

दिसू दे. मी दोनशेवर उभी होते.